आजारातून सावरताना टीएसएच किंचित वाढलेला आढळला, तर गोळी सुरू करण्याचा निर्णय कसा घ्यावा

डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया किंवा एखादी मोठी शस्त्रक्रिया यांतून माणूस बाहेर पडतो, ताप उतरतो, टाके निघतात, पण अंगातली शक्ती काही परतत नाही. जिना चढताना दम लागतो, दुपारी डोळे मिटू लागतात, कंगव्यात केसांचे पुंजके येतात. मग कोणीतरी ‘एकदा थायरॉइड तपासून घ्या’ असे सुचवते, किंवा आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ती चाचणी आपोआप होते, आणि रिपोर्टवर टीएसएचच्या पुढे ७.२ किंवा ८.५ असा ठळक छापलेला आकडा दिसतो. त्याच संध्याकाळी घरात ‘थायरॉइड निघाला’ असे बोलले जाते आणि अनेकदा त्याच आठवड्यात २५ किंवा ५० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी सुरू होते, जी पुढे वर्षानुवर्षे कोणी थांबवत नाही.

हा लेख थायरॉइडचा रिपोर्ट पहिल्यांदाच हातात आलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. लहान मुलांचे नियम वेगळे असल्यामुळे त्यांचा विचार येथे केलेला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, आजारातून उठतानाच्या काळात काठावरचा एकच रिपोर्ट हा उपचाराचा आधार होऊ शकत नाही. निर्णय पूर्ण बरे झाल्यानंतरच्या दुसऱ्या तपासणीवर घ्यावा. मात्र काही जणांच्या बाबतीत थांबणे धोक्याचे असते, आणि आपण त्यांच्यात मोडतो का, हे आधी पाहावे लागते. अंतिम निर्णय अर्थातच डॉक्टरांचा आहे. पण तो घेताना त्यांच्यासमोर योग्य माहिती ठेवणे आपल्या हातात असते.

पायरी पहिली: रिपोर्ट नीट वाचा आणि तारखा मांडा

थायरॉइडची ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागात असते आणि ती मुख्यतः टी४ (म्हणजेच थायरॉक्सिन) व थोड्या प्रमाणात टी३ ही संप्रेरके (हॉर्मोन्स) तयार करते. टीएसएच मात्र या ग्रंथीत तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉइडला काम करण्याचा आदेश देतो. रक्तातील टी४ कमी पडू लागला की टीएसएच वाढतो, आणि टी४ जास्त झाला की टीएसएच घटतो. हे नाते अतिशय संवेदनशील आहे. टी४ साधारण निम्म्यावर आला, तर टीएसएच शंभरपटीच्या घरात वाढू शकतो. त्यामुळे ४ चा ७ झालेला टीएसएच आकड्यात दुपटीजवळ दिसला, तरी टी४ मधील फरक अगदी लहान असू शकतो.

बहुतेक प्रयोगशाळा प्रौढांसाठी टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ मिली-आंतरराष्ट्रीय एकक प्रति लिटर अशी छापतात. थायरॉइडचे काम मंदावण्याला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. टीएसएच या मर्यादेपेक्षा जास्त आणि फ्री टी४ (रक्तातील प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी४) मात्र मर्यादेत, अशी स्थिती असेल तर तिला सबक्लिनिकल, म्हणजे अजून उघड न झालेला, हायपोथायरॉइडिझम म्हणतात; लेखात ‘काठावरचा रिपोर्ट’ म्हणताना प्रामुख्याने हीच स्थिती अभिप्रेत आहे. आपल्याकडील ‘थायरॉइड प्रोफाइल’मध्ये पुष्कळदा फ्री टी४ नसतोच, एकूण टी३ आणि एकूण टी४ असतात. ही एकूण मापे रक्तातील वाहक प्रथिनांवर अवलंबून असतात. गर्भारपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेताना ती वाढलेली दिसतात, तर यकृताच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात प्रथिने घटल्यामुळे ती कमी दिसतात. नुकत्याच आजारी पडलेल्या माणसाबाबत म्हणूनच फ्री टी४ पाहिल्याशिवाय मत बनवू नये. तो केलेला नसेल, तर गोळीचा विचार करण्याआधी तो करून घ्यावा.

यानंतर एका कागदावर तारखा लिहाव्यात: आजार कधी सुरू झाला, रुग्णालयात किती दिवस राहावे लागले, अतिदक्षता विभागात ठेवले होते का, सुटी कधी मिळाली, जेवण पूर्ववत कधी झाले आणि थायरॉइडचे रक्त कधी दिले. सोबत त्या काळात घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी जोडावी. डिस्चार्ज कार्डावर ती बहुधा मिळते. आणि घरातल्या जुन्या फायली शोधाव्यात. आजारापूर्वी वर्ष-दोन वर्षांत केलेला एखादा थायरॉइडचा रिपोर्ट सापडला, तर त्याचे मोल नव्या चार चाचण्यांपेक्षा अधिक असते, कारण त्या वेळी टीएसएच २ होता की ६, यावर आजच्या ७.२ चा सगळा अर्थ अवलंबून आहे.

पायरी दुसरी: आजारपणात हे आकडे का हलतात, ते समजून घ्या

पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर उभे असल्यामुळे येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

गंभीर आजारात, उपासमारीत किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीर आपला खर्च कमी करते. टी४ पासून क्रियाशील टी३ तयार होण्याचे काम मंदावते आणि त्याऐवजी रिव्हर्स टी३ नावाचे निष्क्रिय रूप अधिक तयार होते. म्हणून सर्वांत आधी टी३ घसरतो, तोही आजार सुरू झाल्यावर थोड्याच वेळात. आजार लांबला आणि गंभीर झाला तर टी४ सुद्धा खाली येतो, आणि तरीही टीएसएच वाढत नाही. उलट तो सामान्य किंवा कमीच राहतो, कारण मेंदूकडून येणारा आदेशही त्या काळात क्षीण झालेला असतो. थायरॉइड ग्रंथी मात्र या सगळ्यात निरोगी असते. वैद्यकात या अवस्थेला थायरॉइडेतर आजाराचा परिणाम मानतात, आणि तिच्यात टी३ किंवा टी४ देऊन सर्वसाधारण रुग्णांना फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही. केवळ टी३ कमी आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, ते यामुळे.

आता सावरण्याचा काळ येतो. आजार ओसरला, जेवण सुरू झाले, की पिट्युटरी पुन्हा जागी होते आणि घसरलेली पातळी भरून काढण्यासाठी थायरॉइडला जोरात आदेश पाठवते. या टप्प्यात टीएसएच मर्यादेच्या वर जातो. तो ६ होतो, ९ होतो, क्वचित २० पर्यंतही पोहोचतो, आणि काही आठवड्यांत आपोआप खाली उतरतो. म्हणजे ज्या आकड्याला आपण नवा आजार समजतो, तोच अनेकदा जुना आजार सरत असल्याची खूण असतो. सुटी मिळाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी अशक्तपणासाठी केलेली तपासणी नेमकी याच टप्प्यात येते, आणि गफलत होण्याचे मूळ तेथे आहे. म्हणूनच गंभीर आजारी रुग्णाची थायरॉइडची तपासणी तसा ठोस संशय असल्याखेरीज करू नये, असे जाणकार सांगतात.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती दडवणे योग्य होणार नाही. भारतातील आठ शहरांत, ज्यांत मुंबई आणि गोवा यांचाही समावेश होता, प्रौढांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पाहणीत सुमारे ८ टक्के लोकांत सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम आढळला, आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे (शरीराने स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडीज) तर जवळजवळ २२ टक्के लोकांत सापडली. म्हणजे आजारातून उठलेल्या लोकांपैकी काहींचा टीएसएच आजारापूर्वीपासूनच वाढलेला असणार. आजाराने केवळ तपासणीचे निमित्त पुरवले. पहिल्या रिपोर्टवरून हे दोन गट वेगळे करता येत नाहीत. ते काम काळच करतो.

पायरी तिसरी: आपण थांबू शकतो का, हे तपासा

पुढे सांगितलेल्यांपैकी एकही गोष्ट लागू असेल, तर दोन महिने वाट पाहण्याचा सल्ला आपल्यासाठी नाही. लगेच डॉक्टरांकडे, शक्य असल्यास अंतःस्रावतज्ज्ञाकडे (एंडोक्रिनोलॉजिस्टकडे) जावे.

गर्भवती स्त्री, किंवा नजीकच्या काळात गर्भधारणेचा प्रयत्न करणारी अथवा वंध्यत्वाचे उपचार घेणारी स्त्री ही पहिली. गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या टी४ वरच त्याची भिस्त असते आणि उपचाराची मर्यादाही वेगळी असते. म्हणून येथे काठावरचा आकडाही त्याच आठवड्यात दाखवावा.

दुसरे म्हणजे आकडा काठावर नसणे. टीएसएच २० च्या वर असेल, किंवा तो वाढलेला असून फ्री टी४ मर्यादेच्या खाली असेल, तर खरा हायपोथायरॉइडिझम असण्याची शक्यता बरीच वाढते. १० ते २० यांच्या दरम्यान असेल तर वाट पाहता येते, पण डॉक्टरांच्या नजरेखाली आणि कमी अंतराने तपासत.

पूर्वी थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली आहे, किरणोत्सारी आयोडीन घेतले आहे, मानेला रेडिएशन दिले आहे किंवा गळ्यावर गाठ अथवा गलगंड दिसतो, अशा व्यक्तींमध्ये वाढलेला टीएसएच सहसा खराच असतो. जे आधीपासून थायरॉक्सिन घेत आहेत त्यांचा प्रश्न निराळा आहे. रुग्णालयात गोळ्या चुकलेल्या असतात, किंवा नळीतून दिल्या जाणाऱ्या आहाराबरोबर, लोह-कॅल्शियमबरोबर दिल्यामुळे नीट शोषल्या गेलेल्या नसतात. अशा वेळी गोळी पूर्वीच्याच मात्रेत नियमित घेऊन सहा आठवड्यांनी टीएसएच पाहणे बहुधा पुरेसे असते. घाईने मात्रा वाढवल्यास पुढे ती जास्त होते.

फ्री टी४ कमी आहे आणि तरीही टीएसएच वाढलेला नाही, असा रिपोर्ट पाहून ‘टीएसएच तर नॉर्मल आहे’ असे समाधान मानू नये. गंभीर आजाराच्या दिवसांत हे घडू शकते हे वर सांगितले. पण बरे झाल्यावरही ते टिकले, तर पिट्युटरीतच बिघाड असू शकतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेला असणे, डोक्याला गंभीर मार लागणे, क्षयाचा मेंदूज्वर ही त्याची परिचित कारणे आहेत. महाराष्ट्रात आणखी एक कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. घोणस चावल्यानंतर, विशेषतः मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत वेळ गेलेल्या रुग्णांत, पिट्युटरीला कायमची इजा होऊ शकते, आणि तिची लक्षणे काही वेळा फार उशिरा ओळखली जातात. शेतात सर्पदंश होऊन वाचलेला माणूस महिनोन्महिने थकलेलाच राहत असेल, तर ही शक्यता डॉक्टरांना आवर्जून विचारावी.

याच संदर्भात कॉर्टिसॉलची, म्हणजे मूत्रपिंडांवरील अॅड्रिनल ग्रंथींतून येणाऱ्या आणि आजारपणात शरीराला तगवणाऱ्या संप्रेरकाची, गोष्ट येते. अॅड्रिनल ग्रंथी पुरेसे कॉर्टिसॉल तयार करत नसतील, तर टीएसएच त्यामुळेच थोडा वाढलेला दिसू शकतो, आणि त्या स्थितीत थायरॉक्सिन सुरू केल्यास रुग्ण अचानक गंभीर होऊ शकतो. आजारपणात बरेच आठवडे स्टिरॉइड घेऊन ती नुकतीच बंद केली असतील, किंवा रक्तदाब कमी राहणे, उभे राहताच चक्कर, उलट्या, वजन घटणे, सोडियम कमी येणे अशा गोष्टी असतील, तर थायरॉइडच्या गोळीआधी सकाळचे कॉर्टिसॉल तपासावे.

आणि वयस्कर व्यक्तीला गुंगी येत असेल, अंग थंड पडत असेल, नाडी फार मंद झाली असेल, तर रिपोर्टची चर्चा घरी न करता सरळ रुग्णालय गाठावे.

पायरी चौथी: आकडा बिघडवणारी इतर कारणे बाजूला करा

एखाद्या विषाणूजन्य आजारानंतर काही आठवड्यांनी गळ्याच्या पुढच्या भागात दुखू लागले, ते दुखणे जबड्याकडे किंवा कानाकडे जाऊ लागले आणि गिळताना वाढू लागले, तर ती थायरॉइडचीच सूज असू शकते. तिला सबअॅक्यूट थायरॉइडायटिस म्हणतात. कोविडच्या साथीतही, २०२० मध्ये इटलीतील पिसा येथून पहिल्यांदा आणि नंतर अनेक देशांतून, अशा रुग्णांची नोंद झाली. या आजारात साठवलेले संप्रेरक एकदम बाहेर पडल्यामुळे आधी काही आठवडे टीएसएच कमी असतो, छाती धडधडते, हात थरथरतात, ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) बराच वाढतो. नंतर काही आठवडे ते महिने टीएसएच वाढतो. आणि बहुतेकांत तो पुढे पूर्वपदावर येतो. मधल्या टप्प्यात केलेली एकटी चाचणी हुबेहूब कायमच्या हायपोथायरॉइडिझमसारखी दिसते. गळा दुखला होता का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तर आपण स्वतःहून सांगावे.

औषधांचा परिणाम मोठा असतो. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अॅमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, तर माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची आहे. सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टमध्येही (चित्र स्पष्ट दिसण्यासाठीच्या द्रवातही) आयोडीन असते आणि पुढचे काही आठवडे टीएसएच त्यामुळे हलू शकतो. लिथियममुळे, तसेच औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरील इथिओनामाइडमुळे टीएसएच वाढतो. स्टिरॉइड आणि अतिदक्षता विभागात दिले जाणारे डोपामिन तो खाली ओढतात. मळमळीसाठीच्या डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड या औषधांनी तो थोडा वर जाऊ शकतो. यांपैकी कोणतेही औषध स्वतःहून बंद करायचे नाही. ते चालू होते एवढी नोंद रिपोर्टच्या शेजारी असली पाहिजे.

बायोटिन या केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळणे ही त्या तापाचीच नेहमीची मागाहून येणारी प्रतिक्रिया असते आणि ती सहसा आपोआप थांबते. पण ती थायरॉइडची खूण समजली जाते आणि त्याच वेळी केसांसाठी ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्याही सुरू होतात. अनेक प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत बायोटिनचाच वापर असल्यामुळे अशा मात्रेने टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी४ खोटा जास्त येऊ शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस, आणि मात्रा मोठी असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून अधिक दिवस, ती गोळी बंद ठेवावी.

पायरी पाचवी: दुसरी तपासणी योग्य वेळी आणि योग्य रीतीने करा

दुसरी तपासणी बरे वाटू लागल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी करावी. हे आठवडे ताप आल्याच्या दिवसापासून न मोजता ताप गेल्यापासून, जेवण पूर्ववत झाल्यापासून आणि स्टिरॉइडसारखी औषधे थांबल्यापासून मोजावेत. मध्येच सर्दी-तापाने पुन्हा गाठले, तर तारीख पुढे ढकलावी. त्याआधी दर पंधरा दिवसांनी टीएसएच पाहत राहण्याचा मोह होतो. त्यातून चिंता आणि खर्च यांखेरीज काही निष्पन्न होत नाही.

शक्यतो पहिलीच प्रयोगशाळा निवडावी, कारण वेगवेगळ्या यंत्रांवर त्याच रक्ताचे आकडे थोडे वेगळे येतात. वेळही तीच ठेवावी. टीएसएच रात्री उशिरा आणि पहाटेच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि दुपारी सर्वांत कमी. त्यामुळे एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला दिलेल्या रक्ताची तुलना फसवी ठरते. रात्रभर जागरण झाले असेल तर त्या दिवशी रक्त देऊ नये.

या खेपेला टीएसएच, फ्री टी४ आणि अँटी-टीपीओ या तीन चाचण्या पुरेशा आहेत. टी३ आणि रिव्हर्स टी३ यांची या निर्णयासाठी गरज नाही. अँटी-टीपीओ ही चाचणी ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का ते सांगते. ती एकदाच करावी, पुन्हापुन्हा करून काही कळत नाही. याच रक्तातून थकव्याची अधिक संभाव्य कारणेही पाहून घ्यावीत: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, क्रिएटिनिन. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ ची आणि स्त्रियांत लोहाची कमतरता इतकी नेहमीची आहे, की आजारानंतरच्या थकव्याचा दोष किंचित वाढलेल्या टीएसएचवर टाकण्याआधी या दोन्ही गोष्टी तपासल्याच पाहिजेत असे मला वाटते. झोप आणि मनःस्थिती यांची विचारपूसही तितकीच महत्त्वाची आहे; अतिदक्षता विभागातून परतलेल्या अनेकांना नैराश्य येते आणि ते बोलून दाखवत नाहीत.

मधल्या काळात वेगळे पथ्य लागत नाही. कोबी, फुलकोबी, सोयाबीन शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाण्याने बिघडत नाही. आयोडीनयुक्त मीठ चालू ठेवावे. ‘नैसर्गिक’ म्हणून केवळ सैंधवच वापरणाऱ्या घरांत आयोडीन कमी पडू शकते, हे ध्यानात असावे. उलट आयोडीनचे थेंब, समुद्रशेवाळाच्या कॅप्सूल किंवा घटक न छापलेली ‘थायरॉइडची’ चूर्णे घेऊ नयेत, कारण प्रतिपिंडे असलेल्या माणसात जादा आयोडीनच ग्रंथी मंदावू शकते.

पायरी सहावी: दुसऱ्या रिपोर्टवरून निर्णय घ्या

टीएसएच मर्यादेत आला असेल, तर प्रश्न मिटला. अँटी-टीपीओ सकारात्मक असेल तर वर्षातून एकदा तपासावे, नसेल तर तेही आवश्यक नाही.

टीएसएच अजून १० च्या वर असेल, फ्री टी४ सामान्य असला तरी, आणखी एकदा खात्री करून घेऊन डॉक्टर बहुधा गोळी सुचवतात. वय सत्तरच्या पुढे असेल तर ते अधिक सावध राहतात.

खरा अवघड पट्टा ४.५ ते १० हा आहे, आणि बहुतेक वाचक त्यातच असतील. येथे तीन गोष्टी तोलाव्या लागतात. पहिली गोष्ट वय. उतारवयात टीएसएच स्वाभाविकपणेच थोडा वाढतो. ऐंशीच्या घरातील आजींचा ६ हा आकडा त्यांच्या वयाला साजेसा असू शकतो, पण प्रयोगशाळा तो तिशीतल्या नातीच्याच मर्यादेने मोजते आणि ठळक छापते. दुसरी गोष्ट पुढे बिघडण्याची शक्यता. इंग्लंडमधील व्हिकम येथे सत्तरच्या दशकात झालेल्या पाहणीतील लोकांचा वीस वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यात टीएसएच वाढलेला आणि प्रतिपिंडेही असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के स्त्रियांना उघड हायपोथायरॉइडिझम झाला, तर फक्त टीएसएच वाढलेला असणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २.६ टक्के होते. धोका खरा आहे, पण तो सावकाश येतो आणि वर्षाकाठच्या तपासणीत पकडता येतो.

तिसरी गोष्ट, गोळीने बरे वाटेल का. पासष्ट वर्षांवरील ७३७ लोकांवर युरोपात एक काटेकोर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना थायरॉक्सिन आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निष्प्रभ गोळ्या दिल्या होत्या. वर्षअखेरीस टीएसएच खाली आला, थकवा मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला. या चाचणीत १० च्या वर टीएसएच असलेले लोक थोडेच होते आणि तरुण तर नव्हतेच, ही तिची मर्यादा मान्य केली पाहिजे. ब्रिटनमधील २०१९ ची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे म्हणूनच पासष्टच्या आतील, लक्षणे असलेल्या आणि तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा टीएसएच वाढलेल्या व्यक्तीला सहा महिने गोळी देऊन पाहण्याची मुभा ठेवतात.

माझे मत असे की, या पट्ट्यातील, प्रतिपिंडे नसलेल्या आणि दर आठवड्याला थोडी थोडी शक्ती परत येत असलेल्या व्यक्तीने गोळी घेऊ नये. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे. याउलट प्रतिपिंडे आहेत, आकडा ८-९ च्या आसपास टिकून आहे, रक्तक्षय वगैरे कारणे दूर केली आहेत, वय पासष्टच्या आत आहे आणि थकवा सरतच नाही, अशा व्यक्तीने डॉक्टरांशी बोलून प्रयोगादाखल गोळी घेऊन पाहणे रास्त आहे.

गोळी सुरू झालीच, तर

थायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहासुद्धा घेऊ नये. आजारानंतर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतातच. त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. शरीरातील निम्मे थायरॉक्सिन संपायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावण्यास सहा आठवडे द्यावे लागतात. वयस्कर आणि हृदयरुग्ण यांना लहान मात्रेनेच सुरुवात करतात. मात्रा जास्त झाली तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १९९४ च्या निष्कर्षांनुसार साठीपुढील ज्यांचा टीएसएच ०.१ च्या खाली होता, त्यांच्यात असा अनियमितपणा सुमारे तिप्पट आढळला. म्हणूनच ‘सौम्य गोळी आहे, घ्यायला काय हरकत’ हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही.

सावरण्याच्या काळात गोळी सुरू करण्याची आणखी एक अडचण आहे. माणूस या काळात तसाही बरा होतच असतो. दोन महिन्यांनी उत्साह परततो, टीएसएच उतरतो, आणि दोन्हींचे श्रेय गोळीला जाते. ती नसती तर काय झाले असते, हे कळण्याचा मार्गच बंद होतो. म्हणून प्रयोगादाखल गोळी सुरू करतानाच तो संपवण्याची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. टीएसएच मर्यादेत आल्यावर तीन ते सहा महिन्यांत थकव्यात स्पष्ट फरक पडला नाही, तर गोळी थांबवण्याविषयी त्यांच्याशी बोलावे.

ज्यांची गोळी आजारानंतर एकाच रिपोर्टवर सुरू झाली आणि आता वर्ष उलटून गेले आहे, त्यांनीही हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. ‘डॉक्टर, हा पहिला रिपोर्ट डेंग्यूनंतर तिसऱ्या आठवड्यातला आहे, गोळीची अजून गरज आहे का, ते एकदा पाहता येईल का?’ एवढे म्हणणे पुरे. अँटी-टीपीओ नकारात्मक असेल, मात्रा २५ किंवा ५० मायक्रोग्रॅमचीच असेल आणि गर्भधारणेचा विचार नसेल, तर अनेक डॉक्टर गोळी कमी करून किंवा थांबवून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच व फ्री टी४ पाहण्यास तयार होतात. मनाने मात्र ती बंद करू नये, आणि थांबवल्यावर ठरलेल्या तारखेची तपासणी चुकवू नये. आकडा पुन्हा १० च्या वर गेला, तर गोळीची गरज खरी होती हे तेव्हा कळते आणि ती निश्चिंतपणे पुढे चालू ठेवता येते.